जपानी शिकाऱ्यांच्या सुऱ्या: आधी काम ठरवा, मग पातं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जागोजागी आलेले "म्हणजे" आणि "तर" थोडे छाटलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. मेसेज साधारण असा असतो: "जपानी हंटिंग नाईफ घ्यायचाय, ट्रेकला आणि कॅम्पिंगला वापरायला. कुठला घेऊ?" आणि सोबत एक रील. रीलमध्ये भट्टी, लालभडक लोखंड, घणाचे ठोके, ठिणग्या, आणि शेवटी हवेत धरलेला कागद सर्रकन कापला जातो.

भुरळ मलाही पडते, खोटं कशाला बोलू! पण त्या रीलमध्ये दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत. एक, अशी सुरी मुळात कोण वापरायचं, कुठे आणि कशासाठी. आणि दुसरी, कागद कापून झाल्यावर ती कोणी पुसून, तेल लावून ठेवली. या दोन गोष्टी कळल्या की "कुठला घेऊ" याचं उत्तर बऱ्यापैकी आपोआप सापडतं. म्हणून आज आधी जपानच्या डोंगरात जाऊ, मग पोलादाबद्दल बोलू, मग कायद्याबद्दल, आणि शेवटी निवडीबद्दल. कायद्याचा भाग स्किप करू नका. पोलीस चौकीत बसायची वेळ त्याच भागामुळे टळणार आहे.

मातागी आणि त्यांचा नागासा

पहिली गोष्ट म्हणजे "जपानी हंटिंग नाईफ" अशी एकच एक वस्तू नाहीये. या नावाखाली किमान तीन-चार वेगवेगळी अवजारं विकली जातात, आणि प्रत्येकाचा मुलूख वेगळा आहे.

जपानच्या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे तोहोकू. तिथल्या अकिता प्रांतात आनी नावाचा डोंगराळ भाग आहे, आज तो किताअकिता शहराच्या हद्दीत येतो. हिवाळ्यात प्रचंड बर्फ. इथल्या पारंपरिक शिकाऱ्यांना मातागी म्हणतात. ते गटाने शिकार करायचे, आणि गटाच्या म्होरक्याला काय म्हणतात माहितीये? शिकारी! आपल्या "शिकारी"शी त्याचं नातं असल्याचा काही पुरावा नाही, पण ऐकताना गंमत वाटते.

मातागींचं मुख्य सावज म्हणजे अस्वल. हिमालयात आढळणाऱ्या काळ्या अस्वलाचाच हा जपानी भाऊबंद, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला. मातागींच्या समजुतीप्रमाणे डोंगर देवीचा, आणि अस्वल हे तिने दिलेलं दान. डोंगरात शिरल्यावर ते रोजची भाषा सोडून वेगळे शब्द वापरायचे. अस्वल मारल्यावर "केबोकाई" नावाचा विधी करायचे. आणि मांसाचे वाटे सगळ्यांना सारखे, गोळी कोणी का झाडलेली असेना. त्या वाटपाला "मातागी कांजो" म्हणतात, म्हणजे मातागींचा हिशेब.

आता सुरीकडे येऊ. मातागींच्या सुरीला "नागासा" म्हणतात. रुंद पातं, एका बाजूला धार, टोकदार. आणि त्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार म्हणजे "फुकुरो नागासा". फुकुरो म्हणजे पिशवी. यात लाकडी मूठ नसतेच. पात्याचंच लोखंड मागे लांबवून, ठोकून पातळ करून, गोल वळवून त्याची पोकळ नळी केलेली असते. ती नळी हीच मूठ. या पोकळीत झाडाची फांदी तासून घट्ट बसवली की झाला भाला.

इंटरनेटवर या सुरीची सगळी कीर्ती या भाल्यावर उभी आहे. "अस्वलाशी दोन हात करणारी सुरी" वगैरे वगैरे. पण जरा विचार करा. भाल्याने शिकार करणारे मातागी होते हे खरं, पण पुढे त्यांच्या हातात बंदुका आल्या. बाकीचा सगळा दिवस नागासा काय करत असेल? वाटेतली झुडपं तोडायची, मुक्कामासाठी लाकूड तोडायचं, सावज सोलायचं, मांसाचे वाटे करायचे. बर्फात चालताना जास्त वजन परवडत नाही, म्हणून एकाच पात्याने कोयत्याचं आणि सुरीचं अशी दोन्ही कामं भागवायची. नागासाचा आकार या तडजोडीतून आलाय. ही सुरी ७ सुन, ८ सुन अशा मापात मिळते. एक सुन म्हणजे साधारण ३.०३ सेंटिमीटर, म्हणजे पातं साधारण २१ ते २४ सेंटिमीटरचं. आपल्या स्वयंपाकघरातल्या मोठ्यात मोठ्या सुरीएवढं, आणि पाठ तिच्यापेक्षा कितीतरी जाड.

पोकळ मुठीचा फायदा असा की ती तुटत नाही, सडत नाही, सैल होत नाही. तोटा? थंडीत उघडं लोखंड हाताला चटका दिल्यासारखं लागतं, आणि ओल्या किंवा रक्ताळलेल्या हातातून ते सटकतं. म्हणून बरेच लोक त्या मुठीवर दोरी गुंडाळतात.

शिकोकूचा नाता आणि केननाता

आता एकदम दक्षिणेकडे जाऊ, शिकोकू बेटावर. तिथला कोची प्रांत, जुनं नाव तोसा. इथली सुमारे ८४ टक्के जमीन जंगलाखाली आहे, जपानच्या सगळ्या प्रांतांत सर्वांत जास्त. साहजिकच लाकूडतोड हा मोठा धंदा, आणि लाकूडतोड्यांना लागणारी अवजारं घडवणारे लोहारही भरपूर. १५९० मध्ये ओदावाराच्या मोहिमेवरून परतताना इथला सरदार चोसोकाबे मोतोचिका याने तलवारी घडवणारे लोहार सोबत आणले, असं तोसाच्या लोहारकामाच्या इतिहासात सांगतात. १९९८ मध्ये तोसाच्या या धारदार अवजारांना जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. इथले लोहार एकाच साच्याला बांधलेले नाहीत. गिऱ्हाईक सांगेल तो आकार ऐरणीवर ठोकून देतात, आणि याच गोष्टीसाठी ते ओळखले जातात.

इथलं मुख्य अवजार म्हणजे "नाता". नाता हा कोयत्याचा जपानी चुलतभाऊ समजा. आपला कोयता टोकाशी वळलेला असतो, नाता बहुधा सरळ आणि चौकोनी. जाड पाठ, जड डोकं, कंबरेला लाकडी म्यानात लटकवायचा. काही नात्यांच्या टोकाशी लोखंडाची छोटी जीभ पुढे आलेली असते. तिला "इशिझुकी" म्हणतात. जमिनीलगतची फांदी तोडताना आधी ती जीभ दगडावर आपटते आणि धार वाचते. ही नक्षी आहे असं समजून तिच्यासाठी जास्त पैसे मोजणारे आहेत, आणि ती नको म्हणून घासून टाकणारेही आहेत! ज्याला खडकाळ जमिनीवर झुडपं तोडायची आहेत त्याला ती हवी. ज्याला भोसकायचं, फाडायचं, सोलायचं काम आहे, त्याला ती अडते.

त्या दुसऱ्या कामासाठी आहे "केननाता". केन म्हणजे तलवार. नात्याची जाडी आणि तलवारीचं टोक. रानडुकराची आणि हरणाची शिकार करणारे लोक हा वापरतात. लक्षात घ्या, जपानमध्ये हरणं आणि रानडुकरं शेतीचं आणि जंगलाचं खूप नुकसान करतात, त्यामुळे तिथे आजही परवाना घेऊन कायदेशीर शिकार चालते. बंदुकीचा परवाना वेगळा, सापळ्याचा वेगळा. म्हणजे केननाता ही कपाटात ठेवायची शोभेची वस्तू नव्हे, आज राबणारं अवजार आहे.

माकिरी

तिसरं नाव माकिरी. हे लहान पातं, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी या सगळ्यांत सर्वांत जास्त उपयोगाचं. माकिरी उत्तरेतल्या कोळ्यांकडेही असते, पण तिची खरी शान आहे ती ऐनू लोकांकडे. ऐनू हे होक्काइदो बेटाचे मूळ रहिवासी. २०१९ च्या कायद्याने जपानने त्यांना आदिवासी म्हणून मान्यता दिली. त्यांच्या माकिरीची लाकडी मूठ आणि म्यान यांच्यावर कोरीव काम असतं. स्त्रियांच्या माकिरीला "मेनोको माकिरी" म्हणतात. तरुणाने स्वतः कोरलेली माकिरी आवडत्या मुलीला द्यायची आणि कोरीव कामावरून त्याच्या हाताची पारख व्हायची, अशी रीत सांगतात.

माकिरीचं काम काय? मासा साफ करणं, सावज सोलणं, दोर कापणं, लाकूड कोरणं. थोडक्यात, दिवसभरात पन्नास वेळा हाताशी लागणारी सुरी. तिने झाड तोडायचं नाही आणि अस्वलापुढे तर अजिबात उभं राहायचं नाही.

पोलाद: पुरणपोळीचा हिशेब

आता रीलमधल्या भट्टीकडे येऊ. या सगळ्या पारंपरिक सुऱ्यांमध्ये एक गोष्ट समान असते. पातं अख्खं पोलादाचं नसतं. धारेसाठी कडक पोलाद, त्याला जपानीत "हागाने" म्हणतात, आणि आधारासाठी मऊ लोखंड, म्हणजे "जिगाने". दोन्ही तापवून, ठोकून एकजीव करतात.

दोन मऊ थरांच्या मध्ये कडक पोलाद घातलं, पोळीत पुरण भरावं तसं, की धार मधोमध येते. पात्याला दोन्ही बाजूंनी उतार असतो. एकाच बाजूला पोलाद लावलं की उतार एकाच बाजूला, दुसरी बाजू सपाट. पहिल्याला "र्योबा" म्हणतात, दुसऱ्याला "काताबा". एका बाजूच्या उताराची सुरी लाकूड तासताना छान चावते, पण सरळ खाली कापायला गेलं की एका बाजूला ओढते. आणि ती बहुतेक वेळा उजव्या हातासाठी बनवलेली असते. डावखुऱ्या मंडळींनी हे विकत घेण्याआधीच विचारा. नवखा असाल तर दोन्ही बाजूंनी उतार असलेली घ्या.

कशाला एवढा खटाटोप, अख्खं कडक पोलादच का नको? तर पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, ते कडक होतं पण ठिसूळही होतं. मऊ लोखंडाची साथ असली की ठोका बसला तरी अख्खं पातं मोडत नाही. शिवाय दगडावर धार लावायला सोपं जातं, कारण घासायचा बराचसा भाग मऊ असतो.

पोलादाची नावं तुम्ही ऐकली असतील: शिरोगामी आणि आओगामी, म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद. कारखान्यातून येणाऱ्या पोलादावर ज्या रंगाचा कागद चिकटवलेला असायचा, त्यावरून ही नावं पडली. शिमाने प्रांतातल्या यासुगीचं हे पोलाद. ते बनवणारी कंपनी आधी हिताची मेटल्स होती, २०२३ पासून तिचं नाव प्रोटेरियल. शिरोगामी म्हणजे जवळजवळ नुसतं लोखंड आणि कार्बन. २ नंबरच्या शिरोगामीत साधारण १.१ टक्के कार्बन असतो. आओगामीत टंगस्टन आणि थोडं क्रोमियम घातलेलं असतं, त्यामुळे धार जास्त टिकते, पण दगडावर थोडी जास्त मेहनत पडते.

इथे एक गैरसमज पक्का बसलाय. "आओगामीत क्रोमियम आहे, म्हणजे गंजणार नाही." अहो, त्यात क्रोमियम अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के लागतं. आओगामीही गंजते, शिरोगामीही गंजते. लिंबू कापून सुरी तशीच ठेवा, अर्ध्या तासात डाग दिसेल. आपल्या कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात ओली सुरी रात्रभर म्यानात राहिली तर सकाळी तांबूस झालेलीच निघेल.

दुसरा गैरसमज "दमास्कस"चा. पात्यावर लाटांसारखी नक्षी दिसते ना, ती बाहेरच्या थरांची असते. कापतो तो मधला गाभा, आणि त्याचा नक्षीशी संबंध नाही. नक्षी आवडते म्हणून घ्या, काहीच हरकत नाही. जास्त कापेल म्हणून घेऊ नका.

गंजाची कटकट नकोच असेल तर जपानमध्येच बनणारं स्टेनलेस आहे. फुकुई प्रांतातल्या ताकेफू स्पेशल स्टीलचं व्हीजी-१० हे त्यातलं नावाजलेलं. त्यात सुमारे १५ टक्के क्रोमियम असतं. परंपरेच्या नावाने नाक मुरडणारे मुरडोत, ओल्या हवेत राहणाऱ्या आणि आळशी माणसाला तेच बरं.

कायदा: जपानचा आणि आपला

आधी जपान, कारण तिथे शिकणारे आणि नोकरी करणारे आपले बरेच श्रोते आहेत.

जपानमध्ये एके काळी प्रत्येक शाळकरी मुलाच्या खिशात एक घडीची सुरी असायची, "हिगोनोकामी". ह्योगो प्रांतातल्या मिकी गावची. पेन्सिल तासायला, खेळणी बनवायला. १२ ऑक्टोबर १९६० ला समाजवादी पक्षाचे अध्यक्ष असानुमा इनेजिरो यांचा भर सभेत, व्यासपीठावर, एका १७ वर्षांच्या मुलाने छोट्या तलवारीने खून केला. त्यानंतर मुलांच्या हातून धारदार वस्तू काढून घेण्याची मोहीम देशभर चालली आणि हिगोनोकामी शाळेच्या दप्तरांतून गेली. पुढे २००८ मध्ये टोकियोच्या अकिहाबारात एकाने ट्रक घालून आणि सुरीने लोकांवर हल्ला केला. त्यानंतर कायदा आणखी कडक झाला. दोन्ही बाजूंना धार असलेली, साडेपाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची खंजिरासारखी सुरी बाळगणंच बेकायदा ठरलं. घरात ठेवणंसुद्धा.

म्हणून जुना, दोन्ही बाजूंना धार असलेला केननाता कोणी "अँटिक" म्हणून स्वस्तात देऊ केला तर हात लावू नका.

आणि एका बाजूची धार असली तरी, पातं सहा सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर योग्य कारणाशिवाय ते सोबत घेऊन फिरणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. कॅम्पिंगला जाताय, हे योग्य कारण. पण कॅम्पिंगहून आल्यावर सुरी आठवडाभर गाडीच्या डिकीत किंवा ऑफिसच्या सॅकमध्ये पडून राहिली, तर ते कारण संपलं. आणि "स्वसंरक्षणासाठी" हे उत्तर तिथे योग्य कारण मानलं जात नाही. जाताना-येताना गुंडाळून, बॅगेच्या तळाशी, पटकन हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता आपल्याकडे. पहिली गोष्ट, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि हौसेची शिकार बंद आहे. त्यामुळे "हंटिंग नाईफ" हे नाव आपल्यासाठी फक्त नावापुरतं. पण ट्रेकर मंडळींना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत "सुऱ्या" हा शब्द स्पष्ट आहे. आता आपले लाडके ट्रेक आठवा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड: अभयारण्य. वासोटा: कोयना अभयारण्य. तिथे वनखात्याने बॅग तपासली आणि २१ सेंटिमीटरचा नागासा निघाला, तर "फक्त काकडी कापायला आणलाय" हे कोण ऐकणार?

शिवाय आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आता हिशेब करा. ९ इंच म्हणजे २२.८६ सेंटिमीटर. ७ सुनचा नागासा साधारण २१.२, म्हणजे लांबीच्या मर्यादेच्या आत. ८ सुनचा २४.२, म्हणजे बाहेर. एका सुनाचा फरक! आणि सणासुदीला, निवडणुकीच्या काळात पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा लांबी-रुंदीचा हिशेब सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका. विमानात तर सुरी केबिन बॅगेत चालतच नाही.

मग घ्यायची कुठली?

तीन प्रश्न स्वतःला विचारा, याच क्रमाने.

पहिला प्रश्न: मी नक्की काय कापणार आहे? खरं उत्तर द्या. आपल्यातल्या दहातल्या नऊ जणांचं उत्तर असेल: कांदे-टोमॅटो, दोरी, पाकीट, फार तर चूल पेटवायला चार ढलप्या. याला १० ते १२ सेंटिमीटरचं पातं पुरतं. माकिरीच्या आकाराचं. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असली की भाजीही नीट चिरली जाते. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या नात्याने टोमॅटो कापायला जाल तर त्याची चटणी होईल. रोज लाकूड फोडायचं असेल, स्वतःची वाडी किंवा फार्म असेल, तर नाता घ्या, पण मग गावातल्या लोहाराचा कोयताही एकदा हातात धरून बघा. त्याच कामासाठी, आपल्याच झाडांसाठी बनलेला आहे, आणि मोडला तर दुरुस्त करणारा माणूस चालत जायच्या अंतरावर आहे.

धारेचा आकारही कामाप्रमाणे असतो. नात्याची धार शिंपल्यासारखी फुगीर ठेवतात, तिला जपानीत "हामागुरी-बा" म्हणतात. हामागुरी म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारखा एक शिंपला. ही धार लाकडावर आपटली तरी टिकते. सोलण्याच्या सुरीची धार पातळ असते. पातळ धारेने हाडावर किंवा गाठीवर घाव घातला की टवका उडालाच म्हणून समजा. आणि कुठल्याही सुरीने पिळून, तिरकं करून काही उचकटू नका. कडक पोलाद पिळलेलं सहन करत नाही.

दुसरा प्रश्न: मी तिची किती काळजी घेणार? कार्बनच्या पोलादाची सुरी वापरली की लगेच पुसायची. घरी आल्यावर धुऊन पूर्ण कोरडी करायची, पातळ तेलाचा हात फिरवायचा. जपानमध्ये कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. आपल्याकडे खाण्याला चालणारं मिनरल ऑइल उत्तम, खोबरेल थोडे दिवस चालतं पण नंतर चिकट आणि खवट होतं. लाकडी म्यान दिसायला सुंदर, पण ओल धरून ठेवतं, म्हणून जास्त दिवस ठेवायची असेल तर सुरी म्यानाबाहेर ठेवा. पात्यावर हळूहळू काळपट-राखाडी थर चढेल. तो चांगला, त्याला घासू नका. तांबूस, बोटाला लागणारा गंज मात्र लगेच काढायचा. हे वाचूनच कंटाळा आला असेल तर लाजायचं काही कारण नाही, स्टेनलेस घ्या.

याच प्रश्नात धारेचा दगडही येतो. सुरीच्या बजेटमधून दगडाचे पैसे आधी बाजूला काढा. १००० नंबरचा पाण्याचा दगड एक असला तरी बहुतेक काम भागतं. धार लावता येत नसलेल्या माणसाच्या हातात कितीही महागडी सुरी सहा महिन्यांत बोथट पट्टी होते.

तिसरा प्रश्न: माझ्या हाताला ती कशी बसते? पारंपरिक जपानी सुऱ्यांना बहुतेक वेळा बोट अडवणारी आडवी पट्टी नसते. टोक जोरात खुपसलं आणि हात ओला असेल, तर बोटं थेट धारेवर सरकतात. वापरणाऱ्या शिकाऱ्यांना त्याची लहानपणापासूनची सवय, आपल्याला नाही. म्हणून सुरुवातीला मुठीला मागेपुढे उंचवटा असलेली, किंवा दोरी गुंडाळलेली बघा. मूठ पात्याला पिनेने पक्की केलीय का, ते तपासा. म्यानातून सुरी उलटी धरल्यावर निसटते का, तेही. आणि वापरताना मांडीवर ठेवून काही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, आणि गडावरून रुग्णालय लांब असतं.

तर माझं उत्तर. पहिलीच सुरी असेल तर १० ते १२ सेंटिमीटरची, दोन्ही बाजूंनी उतार असलेली, स्टेनलेस. ती वर्षभर वापरा, धार लावायला शिका. मग परंपरेची ओढ टिकलीच, तर तोसाच्या लोहाराची छोटी शिरोगामी सुरी किंवा माकिरी घ्या. धार लावायची सवय झाली असेल तर तिची मजा कळेल. अभयारण्यातल्या ट्रेकला दोन्ही घरी ठेवा, फळं घरूनच कापून डब्यात न्या. आणि फुकुरो नागासा? देखणा आहे, त्यामागचं डोकं अफाट आहे, पण तो आनीच्या बर्फातल्या माणसाच्या गरजेतून घडलाय. तुमचं घर, तुमचं रान आणि तुमचं काम त्याला लागणारं असेल तरच त्याच्या वाटेला जा.

तुमच्या गावात अजून लोहार असेल, तो कोयत्याला धारेचं पोलाद वेगळं लावत असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. तो पोलाद कुठून आणतो, पाणी कसं देतो, हे त्याच्याच शब्दांत रेकॉर्ड केलं तर आणखी छान. त्यावर एक अख्खा भाग करायची इच्छा आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!